जेलकोटचा डबा घेण्याआधी लिओ बेकलँडला भेटा

फायबरच्या होडीवर जी चकचकीत पांढरी किंवा निळी कातडी दिसते, तिला जेलकोट म्हणतात. बरेच जण तिला रंग समजतात आणि तिथेच पहिली गफलत होते. साधा ऑइल पेंट लावला की त्यातलं थिनर उडून जातं आणि मागे पापुद्रा राहतो. जेलकोटचं तसं नाही. त्याच्या रेझिनमध्ये मोजून हार्डनर टाकलं की आत रासायनिक क्रिया सुरू होते, सुटे रेणू एकमेकांचे हात धरतात आणि एक सलग जाळं तयार होतं. हे जाळं एकदा बसलं की कितीही तापवा, परत वितळत नाही. थोडक्यात, जेलकोट शिजतो. आणि शिजवण्यात कच्चं राहणं आलं, करपणं आलं, शिळं साहित्य वापरल्यावर होणारा घोटाळाही आला.

आपली होडी आपणच पुन्हा नवी करायची असं ठरवून दुकानात गेलेला माणूस बहुतेक वेळा दोनच गोष्टी बघतो, किंमत आणि शेड. डब्यावरच्या बारीक अक्षरांकडे कोणी ढुंकून बघत नाही. ही बारीक अक्षरं कशासाठी असतात ते कळायला एका बेल्जियन माणसाची गोष्ट फार उपयोगी पडते. त्याने जेलकोट बनवला नाही. पण रेझिन कसं, किती आणि कधी शिजवायचं हे जगात सगळ्यात आधी ज्याने नीट काबूत आणलं, तो हाच. नाव लिओ बेकलँड.

जोडे शिवणाऱ्याचा मुलगा

लिओचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ चा, बेल्जियममधल्या गेंट शहरातला. वडील जोडे दुरुस्त करायचे, आई लोकांच्या घरी मोलकरीण होती. पोराने दुकानात बसावं, जोडे शिवायला शिकावं, असं वडिलांना वाटे. आईचं मत वेगळं होतं आणि ती त्यावर ठाम राहिली. पोरगं हुशार निघालं. शहराची स्कॉलरशिप मिळाली, गेंट विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि १८८४ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, लिओ रसायनशास्त्राचा डॉक्टर झाला. तिथेच तो शिकवू लागला. तिथल्याच त्याच्या प्राध्यापकांची, स्वार्ट्‌स यांची मुलगी सेलीन. ती चित्रकार होती. १८८९ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि प्रवासाच्या स्कॉलरशिपवर दोघं अमेरिकेला गेली.

गेली ती तिथलीच झाली. न्यूयॉर्कमध्ये फोटोग्राफीचं सामान बनवणाऱ्या अँथनी कंपनीत लिओला नोकरी मिळाली. पण याला नोकरी कसली मानवते? दोनेक वर्षांत ती सोडून तो स्वतंत्र सल्लागार झाला आणि एकाच वेळी डझनभर शोधांच्या मागे लागला. पैसे संपले. त्यात मोठं आजारपण आलं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने एक गोष्ट ठरवली: दहा ठिकाणी हात घालायचा नाही, ज्यातून लवकर फळ मिळेल अशी एकच गोष्ट धरायची.

ती एक गोष्ट म्हणजे फोटोचा कागद. तोवर निगेटिव्हवरून प्रिंट काढायला ऊन लागायचं. आभाळ आलं की फोटोवाल्याचा धंदा बंद. बेकलँडने वेलॉक्स नावाचा असा कागद बनवला, ज्यावर घरातल्या दिव्याच्या उजेडात प्रिंट निघायची. १८९३ मध्ये भागीदार घेऊन योंकर्सजवळ नेपेरा केमिकल कंपनी काढली.

आता इथे गंमत बघा. कागद उत्तम होता, तरी सुरुवातीला चालेना. कारण मुरलेले फोटोग्राफर! वर्षानुवर्षं उन्हात प्रिंटा काढलेली ही मंडळी पाकिटावरच्या सूचना वाचायचीच नाहीत. जुन्याच सवयीने कागद वापरायचे, प्रिंट बिघडली की कागदाला शिव्या द्यायचे. नवशिक्या हौशी लोकांना मात्र वेलॉक्स लगेच जमला, कारण त्यांना काहीच येत नव्हतं म्हणून त्यांनी सूचना वाचल्या. बेकलँडला हा अनुभव जन्मभर पुरला. माल चांगला असून भागत नाही, तो वापरायची रीत मालाइतकीच काटेकोर लागते, हे त्याला इथे कळलं. जेलकोटच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे. आयुष्यभर होड्यांना ऑइल पेंट मारलेला माणूस जेलकोटला हात लावतो तेव्हा नेमका याच फोटोग्राफरांसारखा वागतो: घट्ट वाटलं की टाक थिनर, पटकन वाळावं म्हणून टाक अंदाजाने हार्डनर.

१८९९ मध्ये कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनने ही कंपनी विकत घेतली. बेकलँडने मनाशी हजारोंचा आकडा धरला होता, मिळाले साडेसात लाख डॉलर किंवा त्याहूनही जास्त, असं सांगितलं जातं. पस्तिशीत माणूस कायमचा श्रीमंत झाला. हडसन नदीकाठी योंकर्सला स्नग रॉक नावाचं मोठं घर घेतलं आणि आवारातच प्रयोगशाळा उभारली. नदी समोरच, त्यामुळे बोटींचा नादही लागला. पुढे त्याने आयन नावाची यॉट बाळगली. बॅटरीत असतो तोच आयन. रसायनशास्त्रज्ञाने बोटीला दुसरं काय नाव द्यावं!

लाख महाग झाली तेव्हा

याच सुमाराला विजेचा धंदा जोरात वाढत होता. तारा, स्विच, मोटारी, सगळ्यांना विजेपासून वाचवणारं आवरण हवं होतं. त्यासाठी वापरायचे शेलॅक, म्हणजे आपली लाख. पांडवांना जाळायला दुर्योधनाने जिचं घर बांधलं म्हणतात, तीच. भारतातल्या जंगलात पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे ही राळ तयार करतात आणि थोड्याशा लाखेसाठी हजारो किडे खपतात. जगाची मागणी वाढली, किडे मात्र आपल्याच वेगाने काम करत राहिले. भाव चढले. पुढे बालगंधर्वांची पदं ज्या काळ्या तबकड्यांवर घरोघर वाजली, त्या तबकड्यांतही हीच लाख होती.

कारखान्यात बनणारी लाख काढली तर? हा प्रश्न एकट्या बेकलँडला पडलेला नव्हता. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र तापवले की राळेसारखं काहीतरी होतं, हे जर्मनीच्या बायरने १८७२ मध्येच पाहिलं होतं. पण ते भांड्याला असं चिकटायचं की भांडंच फेकावं लागे. पुढच्या लोकांनी प्रयत्न केले, तेव्हा कधी ते ठिसूळ व्हायचं, कधी बुडबुड्यांनी भरलेला स्पंज.

बेकलँडने १९०२ च्या आसपास हे काम हातात घेतलं. पहिली राळ बनली तिला नोव्होलॅक नाव दिलं, पण ती बाजारात फारशी चालली नाही. मग १९०७ चा जून उजाडला. त्याच वर्षी त्याने रोजनिशी लिहायला सुरुवात केली होती, म्हणून त्या दिवसांचा हिशोब आज आपल्याकडे आहे. तेव्हा तो काय करत होता? मऊ लाकूड टणक करता येईल का ते बघत होता. लाकडाचे तुकडे या मिश्रणात भिजवून बंद नळीत तापवायचे, राळ आत मुरवायची. लाकूड म्हणावं तसं टणक झालं नाही. पण लाकडातून जे गळून बाहेर आलं आणि नळीत घट्ट बसलं, त्याकडे त्याचं लक्ष गेलं. ते वितळत नव्हतं, कशातच विरघळत नव्हतं आणि नळीचा आकार त्याने जसाच्या तसा उचलला होता.

माझ्या मते या गोष्टीतला खरा शोध पुढे आहे. पदार्थ सापडणं हा नशिबाचा भाग; इतरांनाही तो अर्धामुर्धा सापडला होताच. बेकलँडने ओळखलं की ही क्रिया एका झटक्यात होत नाही, तिचे टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात राळ पातळ, ओतता येईल अशी. दुसऱ्यात जेलीसारखी किंवा रबरासारखी. तिसऱ्यात कायमची टणक. मधल्या टप्प्यावर क्रिया हवी तिथे थांबवता आली, तर पदार्थ साच्यात घालून मग पक्का करता येतो. आणि तो स्पंज का होत होता? कारण या क्रियेत पाणी सुटतं, उष्णतेने त्याची वाफ होते, वाफेचे बुडबुडे अडकतात. इतर लोक बुडबुडे टाळायला आच कमी करत होते. बेकलँडने उलटं केलं. आच वाढवली आणि वरून दाब दिला. आपल्या प्रेशर कुकरसारखं लोखंडी भांडं बनवलं, त्याला म्हणायचे बेकेलायझर. दाबाखाली वाफेला फुगायला जागाच नाही, त्यामुळे माल ठोस निघायचा.

जुलै १९०७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, ७ डिसेंबर १९०९ ला ते मिळालं. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न नावाचा इंजिनिअर जवळपास याच वाटेवर होता. तो पेटंट ऑफिसात पोचला तेव्हा बेकलँडचा अर्ज एक दिवस आधीच पोचलेला होता! पुढे हाच स्विनबर्न बेकलँडच्या ब्रिटिश कंपनीचा अध्यक्ष झाला, ही गोष्ट वेगळी.

हे तीन टप्पे तुमच्या डब्यातही आहेत

जेलकोट या नावातला जेल म्हणजे तोच मधला टप्पा. हार्डनर घातल्यावर काही मिनिटं रेझिन पातळ राहतं, मग त्याची जेली होते, मग ते कडक होतं. जेली व्हायला लागली की ब्रश ठेवून द्यायचा. त्यानंतर फिरवलात तर ओरखडे आणि गाठी. डब्यावर जो जेल टाइम लिहिलेला असतो तो याचसाठी. तो साधारण २५ अंशांना मोजलेला असतो. मे महिन्यात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दुपारी काम केलंत तर त्याच्या बऱ्याच आधी वाटीत दगड होईल.

फरक एवढाच की जेलकोट बेकेलाइटपासून बनत नाही. बेकेलाइटचा रंग काळपट आणि त्याला कुकर लागतो; होडी कोण कुकरमध्ये घालणार? जेलकोट पॉलिएस्टर रेझिनचा असतो, स्टायरीनमध्ये विरघळवलेला. १९३० च्या दशकात कार्लटन एलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने या जातीच्या रेझिनवर महत्त्वाची पेटंटं घेतली. या क्रियेत पाणी सुटत नाही. पाणी नाही म्हणजे वाफ नाही, वाफ नाही म्हणजे दाबाची गरज नाही. म्हणूनच हे काम तुम्ही खाडीकाठच्या शेडमध्ये करू शकता.

पण त्याचे नखरे वेगळे आहेत. सगळ्यात मोठा म्हणजे हवा. हवेतला ऑक्सिजन ही क्रिया पृष्ठभागावर अडवतो, त्यामुळे वरचा थर चिकट राहतो. कारखान्यात होडी साच्यात बनते. जेलकोट आधी साच्याला लावतात आणि फायबर मागून येतं, म्हणजे चकचकीत बाजूला हवा लागतच नाही. तुम्ही तयार होडीवर बाहेरून लावता तेव्हा नेमकी ती बाजू उघडी पडते. त्यामुळे रिफिनिशिंगसाठी डबा मागताना मेण घातलेला जेलकोट मागा. हे मेण वर तरंगून हवेला अडवतं. साच्याचा जेलकोट आणलात तर शेवटच्या हातासाठी मेणाचं द्रावण वेगळं मिसळा किंवा वरून पीव्हीएचा पातळ थर फवारा. मेणाचं मिश्रण फक्त शेवटच्या थरात. मधल्या थरात घातलंत तर पुढचा थर धरणार नाही, आधी घासावं लागेल.

रेझिनची जात हा दुसरा मुद्दा आणि पैसे इथेच वाचवू नयेत. ऑर्थो म्हणून मिळतं ते स्वस्त, पाण्यापुढे लवकर हार मानतं. आयसो चांगलं. आयसो-एनपीजी लिहिलेलं असेल तर खारं पाणी आणि ऊन दोन्ही सोसायला ते सगळ्यात भरवशाचं. जेलकोटमधून पाणी अगदी थोडं थोडं आत झिरपतंच. हलक्या रेझिनखाली त्याचे फोड येतात आणि फोड आले की खर्च नव्या जेलकोटच्या कितीतरी पुढे जातो.

सुट्या मालाचा धोका

परत बेकलँडकडे. ५ फेब्रुवारी १९०९ ला न्यूयॉर्कमध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने बेकेलाइट जगासमोर मांडलं. कारखाना काढायचा त्याचा विचार नव्हता. परवाना विकायचा, रीत सांगायची, बाकी लोक बघून घेतील, असा त्याचा हिशोब होता. पण परवाना घेतलेल्यांना ते जमेना. लाकूड, रबर, सेल्युलॉइड हाताळलेले लोक बेकेलाइटही तसंच हाताळायचे. वेलॉक्सचीच गोष्ट पुन्हा! शेवटी १९१० मध्ये त्याने जनरल बेकेलाइट कंपनी काढली, न्यू जर्सीतल्या पर्थ अँबॉयमध्ये कारखाना घातला आणि साच्यात घालायला तयार असा माल स्वतःच बनवू लागला.

मग नकला आल्या. रेडमनॉल आणि कंडेन्साइट या दोन कंपन्या तसाच माल काढू लागल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९२२ मध्ये तिन्ही मिळून बेकेलाइट कॉर्पोरेशन झाली. १९२४ च्या सप्टेंबरमध्ये टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर बेकलँड झळकला. रेडिओची पेटी, काळे फोन, स्विच, पंख्याचं बटण, कढईचा दांडा, सगळीकडे बेकेलाइट. कंपनीने बोधचिन्हात गणितातलं अनंताचं चिन्ह घेतलं, आणि ते मालावर दिसलं की माल अस्सल, असं गिऱ्हाइकाला शिकवलं. तुमच्या जुन्या रिमोटमध्ये किंवा स्वस्त चार्जरमध्ये तपकिरी रंगाची सर्किटची पाटी दिसली, तर तो बहुतेक कागद आणि याच घराण्यातलं फिनॉलिक रेझिन.

जेलकोटमध्ये हा ओळखीचा शिक्का म्हणजे बॅच नंबर आणि तारीख. हा माल डब्यात पडल्या पडल्याही हळूहळू शिजत असतो. काही महिन्यांत, उन्हात ठेवला तर त्याहून लवकर, तो दाट होतो आणि मग कितीही ढवळा, गाठी जात नाहीत. म्हणून मोठ्या डब्यातून काढून दिलेला, लेबल नसलेला सुटा जेलकोट स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्यात कुठलं रेझिन आहे, केव्हाचं आहे, त्यात मेण आहे का, अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे कोबाल्ट आधीच मिसळलंय का, हे सांगणार कोण? सगळे डबे एकाच बॅचचे घ्या, नाहीतर पांढऱ्यातही दोन पांढरे दिसतात.

कोबाल्टबद्दल एक गोष्ट गमतीवारी नेऊ नका. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. हार्डनर, म्हणजे एमईकेपी, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे हवेतच, स्टायरीनच्या वासासाठी योग्य मास्क आणि मोकळी हवा हवी. प्रमाण साधारण १ ते २ टक्के, वजनकाट्यावर मोजून. उन्हाळ्यात १ च्या जवळ राहा, पण त्याच्या खाली जाऊ नका. कमी हार्डनरचा जेलकोट नंतर कधीच पूर्ण पिकत नाही, वरून कडक वाटला तरी. ॲसिटोनने हत्यारं धुवा, जेलकोट पातळ करू नका. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, दोन-तीन हातांत. आणि आधी इपॉक्सीने डागडुजी केली असेल तर त्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट न धरण्याचा धोका असतो. छोटा तुकडा करून बघा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, तेव्हाच हात मोकळे असतात हे खरं. पण ओल्या हवेत, भिजलेल्या फायबरवर जेलकोट लावणं म्हणजे फोडांना आमंत्रण. कोरड्या दिवसांत जमवता आलं तर उत्तम.

शेवटची वर्षं

म्हातारपणी बेकलँड विक्षिप्त झाला. फ्लोरिडात कोकोनट ग्रोव्हला समुद्राकाठी घर होतं. तिथे पांढरे कपडे घालून वावरायचा, जेवण बहुतेक डब्यातलंच आणि उकडलं की कपड्यांसकट पोहण्याच्या तलावात उतरायचा. रोजनिशी मात्र चुकली नाही; १९०७ पासून सुरू झालेल्या त्या वह्या ६२ भरल्या. त्या आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत, पहिला बेकेलायझरही तिथेच. कंपनी मुलाने, जॉर्जने चालवावी असं त्याला वाटायचं. जॉर्जचं मन त्यात नव्हतं. जोड्यांच्या दुकानात बसायला नकार देणाऱ्या माणसाच्या पोरानेही बापाचं दुकान नाकारलं. १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडला विकली गेली. हो, तीच युनियन कार्बाइड, जिचं नाव १९८४ नंतर भोपाळशी कायमचं जोडलं गेलं.

१९४२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रे ग्रीन याने काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन वापरून छोटी शिडाची होडी बनवली; फायबरच्या होड्यांचा इतिहास साधारण तिथून मोजतात. दाब नाही, कुकर नाही, साच्यात थर घालायचे आणि थांबायचं. बेकलँड तेव्हा ७८ वर्षांचा होता आणि त्याची तब्येत ढासळत चालली होती. २३ फेब्रुवारी १९४४ ला न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन इथे मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. स्नग रॉकपासून फार लांब नाही, हडसनच्याच काठी, स्लीपी हॉलो इथल्या दफनभूमीत त्याला पुरलं आहे.